शाळा सुटल्यावरचं खाणं: शिळी भाकरी, कोथिंबीर वडी आणि एअर फ्रायर

एअर फ्रायर घरात आला की बहुतेक जण पहिल्यांदा कांदाभजी करून बघतात आणि तिथेच हिरमोड होतो. पीठ जाळीतून खाली गळतं, उरलेलं जाळीला चिकटतं आणि भजी पांढुरकी, कोरडी होते. दोष यंत्राचा नाही. एअर फ्रायर म्हणजे वर कॉइल आणि तिच्या मागे पंखा असलेली छोटी भट्टी. पातळ पीठ कढईत तेलात पडल्या क्षणी बांधलं जातं. गरम हवेला तेवढा वेग नसतो. म्हणून नियम एकच धरा: जे आधीच शिजलेलं आहे आणि वरून कोरडं आहे, तेच आत टाका. या हिशेबाने सोलापूरच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी लागणारं सगळं सामान सकाळीच तयार असतं.

सुरुवात सकाळच्या उरलेल्या ज्वारीच्या भाकरीपासून करा, कारण याहून स्वस्त आणि पोटभरीचं काही नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पाणी उडालं की तुकडा चिवट न राहता खुसखुशीत होतो. ताजी, वाफेची भाकरी घेऊ नका. तिच्यात पाणी जास्त असतं, कडा करपतात आणि मधला भाग कातड्यासारखा राहतो. सहा-सात तास झालेली हवी.

दोन भाकऱ्यांचे कात्रीने दोन-अडीच इंचाचे त्रिकोण करा. दीड चमचा शेंगदाणा तेल, पाव चमचा मीठ आणि चिमूटभर हळद ताटात कालवून दोन्ही हातांनी तुकड्यांना चोळा. तेल वरून ओतलं तर दोन-चार तुकडेच सगळं पितात. यंत्र १६० अंशांवर तीन मिनिटं रिकामं तापवा, तुकडे एकाच थरात पसरा आणि ६ ते ८ मिनिटं ठेवा. चौथ्या मिनिटाला हलवा. चांगल्या फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटा होतो. तो इतका हलका असतो की पंख्याच्या हवेने उडून वरच्या कॉइलला लागतो, आणि मग जळका वास येतो. त्यावर उपाय सोपा आहे: यंत्रासोबत आलेली स्टीलची जाळी तुकड्यांवर पालथी ठेवा, किंवा सुटे पापुद्रे आधीच काढून खाऊन टाका. बाहेर काढताना तुकडा किंचित वाकत असला तरी चालेल, ताटात दोन मिनिटांत तो कडक होतो. आतच पूर्ण कडक होऊ दिला तर कडू लागतो.

शेंगा चटणी वरून घालायची ती तुकडे बाहेर काढल्यावरच. आधी चोळली तर लसूण आणि लाल तिखट जळतं. लहान पोरांना आपली चटणी झेपत नाही; तीन मोठे चमचे दह्यात एक छोटा चमचा चटणी कालवून द्या, तिखटपणा मरतो आणि शेंगांची चव राहते. दुकानातली कडक भाकरी मुळातच कुरकुरीत असते, तिला यंत्राची गरज नाही. पावसाळ्यात सादळली असेल तेव्हाच १५० अंशांवर दोन-तीन मिनिटं पुरतात.

दुसरा पदार्थ कोथिंबीर वडी. बाजारात जुडी स्वस्त असेल त्या आठवड्यात उंडे वाफवून फ्रिजमध्ये ठेवावेत, दोन दिवस निश्चिंती. दोन वाट्या बारीक चिरलेली कोथिंबीर, एक वाटी बेसन, दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ, एक चमचा तीळ, अर्धा चमचा हळद, एक चमचा आलं-लसूण-मिरचीचं वाटण, पाऊण चमचा मीठ आणि एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. ओली घातली तर पाण्याचा अंदाज चुकतो आणि उंडा वाफेत पसरतो. पाणी चमच्याचमच्याने घाला, साधारण पाव वाटीत पीठ मळून होतं. मनगटाएवढे उंडे करून १५ ते १८ मिनिटं वाफवा. सुरी खुपसली की कोरडी निघाली पाहिजे.

आता इथे घाई नडते. उंडा गरम असताना कापला तर वड्या हमखास फुटतात. पूर्ण गार होऊ द्या, मग बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीच्या, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरच्या वड्या कापा. दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा. डझनभर वड्यांना दोन चमचे तेल लागतं आणि त्यात काटकसर करू नका, कारण तेल न लागलेलं बेसन पांढरं आणि कोरडं राहतं. १८० अंशांवर ७ मिनिटं, उलटवून आणखी ४. कडा तांबूस झाल्या की बस.

उरलेल्या इडल्यांचं तर फारच सोपं. सोलापुरात इडली न होणारी घरं थोडीच. फ्रिजमधली गार इडली उभी चार तुकड्यांत कापा, सहा इडल्यांना दोन चमचे तेल, १८० अंश, ८ ते १० मिनिटं. ताजी मऊ इडली मात्र जाळीला चिकटते. पुडचटणी शेवटी भुरभुरवा.

सगळ्यात जास्त चूक होते ती गर्दीची. चार लिटरच्या भांड्यात दोन भाकऱ्यांचे तुकडे मावतात, चारांचे नाही. एकावर एक थर झाला की मधल्या तुकड्यांना हवा लागत नाही, ते वाफेत शिजतात. दोन घाण्यांत करा. पोरं पहिला घाणा संपवेपर्यंत दुसरा तयार होतो.

विजेची काळजी अनेकांना वाटते. १५०० वॉटचं यंत्र सलग १० मिनिटं चाललं तरी पाव युनिट होतं, आणि तापमान गाठल्यावर कॉइल मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. मात्र प्लग १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. लहान सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड एवढा भार सोसत नाहीत, तापतात. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर हवं. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या झाल्या की पोरं भर दुपारी येतात. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या उन्हात कढईपुढे उभं राहावं लागत नाही, हा याचा आम्हाला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

धूर येऊ लागला तर खालच्या ट्रेमध्ये जुनं तेल आणि चुरा जळतोय असं समजा. प्रत्येक वापरानंतर ट्रे कोमट पाण्याने, मऊ स्पंजने धुवा. तारेची घासणी आणि स्टीलचा उलथना जाळीच्या लेपाला लावू नका.

शेंगदाणेही यात छान भाजतात: पाव किलो, १६० अंश, १० ते १२ मिनिटं, दर चार मिनिटांनी हलवून. टरफलं उडतात, म्हणून गार झाल्यावर यंत्राचं आतलं छत ओल्या फडक्याने पुसा, प्लग काढूनच. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट करून गुळात लाडू वळा. दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय कूट करायला घेऊ नका, गरम दाण्यांना तेल सुटून त्याचा गोळा होतो.