गिलिमन रंगवताना या चुका टाळा: चिलखताआधी आजारी माणूस रंगवा

वॉरहॅमर ४०,००० हा लहान मूर्ती जोडून, रंगवून खेळायचा खेळ. तो खेळणाऱ्यांच्या टेबलावर त्यातला एक नायक, रोबूत गिलिमन, बहुधा ठणठणीत दिसतो. गालांवर लाली, कपाळ तुकतुकीत, आखाड्यातून अंग घासून आलेल्या पैलवानासारखा. निळं चिलखत झकास उतरलेलं असतं, सोनं लखलखत असतं, पण हा माणूस मरता मरता वाचलाय आणि त्या चिलखताच्या जोरावर उभा आहे, हे कुठेच जाणवत नाही. माझ्या मते या किटवरची, म्हणजे मूर्तीच्या सुट्या भागांच्या संचावरची, सगळ्यात मोठी चूक हीच, आणि खाली सांगितलेल्या बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच येतात.

आधी त्याची कथा थोडक्यात, कारण रंग तिच्यावरूनच ठरतात. गिलिमन हा मानवांच्या सम्राटाच्या प्रायमार्क म्हणवणाऱ्या महायोद्ध्या मुलांपैकी एक, अल्ट्रामरीन्स या फौजेचा जनक, अर्धा देवच म्हणा. त्याचा भाऊ होरस याने सम्राटाविरुद्ध केलेल्या बंडानंतर थेस्साला इथे गिलिमनच्याच दुसऱ्या भावाने, फुलग्रिमने, विषारी पात्याने त्याचा गळा चिरला. उपाय चालेना, म्हणून त्याला मॅक्राग ग्रहावर स्टेसिसमध्ये ठेवलं. तिथे तो जवळजवळ दहा हजार वर्षं तसाच बसून होता. स्टेसिस म्हणजे उपचार नव्हेत, हे लक्षात ठेवा. तिथे काळ थांबतो, जखम भरत नाही. ४१व्या सहस्रकाच्या अखेरीस यंत्रविद्येचा जाणकार बेलिसेरियस कॉल याने त्याच्यासाठी ‘आर्मर ऑफ फेट’ हे जीव टिकवणारं चिलखत आणलं आणि एल्डार या परग्रही वंशाच्या इव्रेनने मदत केली, तेव्हा कुठे तो उठला. चिलखत उतरवलंस तर मरशील, असा इशारा त्याला तेव्हाच मिळाला होता. आपल्या कर्णाचं कवच जन्मजात होतं आणि ते देऊन टाकल्यावरही तो लढायला उभा राहिला. गिलिमनचं नेमकं उलटं आहे. त्याचं कवच नंतर चढवलेलं, आणि जीव मात्र त्यातच अडकलेला. हा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीने ही प्लॅस्टिकची मूर्ती २०१७ मध्ये काढली ती या प्रसंगासोबतच.

जोडणीतली घाई

किट हातात आलं की सगळं एका बसणीत चिकटवून टाकावंसं वाटतं. तसं करू नका. सुटे भाग आधी गोंद न लावता नुसते बसवून बघा आणि कोरडा ब्रश हातात घेऊन कुठे पोचतो, कुठे अडकतो ते तपासा. जिथे ब्रश पोचत नाही तो भाग सुटा ठेवायचा. डोकं तर सुटंच ठेवा, यात तडजोड नको. किटमध्ये उघडं डोकं आणि शिरस्त्राण असे दोन्ही पर्याय आहेत. चेहरा जमणार नाही या भीतीने बरेच जण शिरस्त्राण बसवतात. भीती समजू शकतो, पण उघडं डोकं निवडा. आजारी माणूस दाखवायला दुसरी जागाच नाही.

प्लॅस्टिक सिमेंट आणि सुपरग्लू यांत गल्लत करू नका. सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे ते उघड्या प्लॅस्टिकवरच चालतं. मधे रंगाचा थर असला की पकड येत नाही. म्हणून प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारण्याआधी मानेच्या खोबणीत आणि हातांच्या सांध्यांवर ब्लू टॅकचा, म्हणजे सहज काढता येणाऱ्या चिकट लगद्याचा, छोटा गोळा दाबून ठेवा. साच्याच्या जोडामुळे मूर्तीवर उरलेल्या रेघा चाकूच्या धारेने कापू नका, पात्याच्या पाठीने खरवडा. गुळगुळीत खांद्यावर राहिलेली रेघ आत्ता दिसत नाही, पण निळ्यावर वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) गेला की लांबूनही डोळ्यात खुपते.

पावसाळ्यातला प्रायमर

मूर्तीवर वाळू भुरभुरल्यासारखा खरखरीतपणा आला, तर रंगाला दोष देण्याआधी हवा बघा. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर गॅलरीत स्प्रे मारणं म्हणजे किट पणाला लावणं. दमट हवेत थर धुरकट आणि दाणेदार बसतो. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात उलटा त्रास होतो. तिथे रंगाचे थेंब मूर्तीपर्यंत पोचण्याआधी हवेतच अर्धे सुकतात आणि भुकटी होऊन चिकटतात. परिणाम जवळपास सारखाच, कारण वेगळं. उन्हाळ्यात सकाळी लवकर मारा, डबा २०-२५ सेंटीमीटरवर धरा, फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पावसाळ्यात सरळ ब्रशने लावायचा प्रायमर घ्या आणि पातळ दोन थर द्या. वेळ जास्त जातो, पण बारकावे बुजत नाहीत.

खरखरीत थर बसलाच तर त्यावर रंग चढवत बसू नका, तो काढून टाका. ॲक्रिलिक रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला आणि जवळ गॅस पेटवू नका. घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर किंवा हार्डवेअरच्या दुकानातला थिनर मात्र मूर्तीजवळही आणू नका. त्यातलं ॲसिटोनसारखं द्रावक पॉलिस्टायरीन मऊ करून टाकतं. रंग निघेल, पण सोबत नाकडोळेही जातील.

चेहरा: निरोगी नको, मेलेला नको, सडलेला तर नकोच

इथे थोडं थांबून बोलतो, कारण सगळी गंमत इथेच आहे.

पहिली चूक म्हणजे तयार त्वचेचा रंग, त्यावर लालसर तपकिरी वॉश, वर गुलाबी हायलाइट, म्हणजे उठावाच्या जागी उजळ रंग. ही पद्धत साध्या सैनिकासाठी उत्तम, पण तिच्याने गिलिमन धडधाकट होतो. वॉश खोबणीत लाली सोडतो आणि लाली म्हणजे रक्ताभिसरण चांगलं चाललंय. दुसरी चूक उलट टोकाची. आजारी दाखवायचा म्हणून संपूर्ण चेहरा राखाडी केला, तर प्रेत तयार होतं. भडक निळ्या-सोनेरी चिलखतात तो राखाडी चेहरा चक्क रंगवायचा राहून गेल्यासारखा दिसतो. तिसरी चूक सगळ्यात वाईट, हिरवा रंग ओतणं. या विश्वात हिरवट, सडकी कातडी ही रोगाचा देव नर्गल याच्या माणसांची ओळख आहे, म्हणजे गिलिमनचाच भाऊ मॉर्टेरियन आणि त्याच्या डेथ गार्ड या फौजेची. गिलिमनच्या अंगात विष भिनलं होतं, त्याला रोगाच्या देवाने झपाटलेलं नव्हतं. बघणाऱ्याला हा फरक एका नजरेत कळायला हवा.

माझी पद्धत अशी. मधल्या छटेचा फिकट त्वचेचा रंग घ्या, त्यात अगदी किंचित राखाडी मिसळा आणि चेहऱ्यावर एकसारखे दोन पातळ थर द्या. सावलीला जांभळट तपकिरी वापरा, काळा नाही. हायलाइटला पांढरा घेतला तर कातडी खडूसारखी दिसते, हस्तिदंती घेतला तर कातडी पातळ आणि ओढलेली वाटते. आपल्याला दुसरी हवी. कपाळाची कड, नाकाचा शेंडा, गालफडांची हाडं, बस. गालांच्या खळग्यात हायलाइट अजिबात नको.

आता ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा अगदी पातळ थर. जांभळा रंग पाण्याने किंवा मीडियमने (रंग पातळ करायच्या पारदर्शक द्रवाने) इतका पातळ करा की वर्तमानपत्रावर ओढला तर खालची अक्षरं वाचता येतील. ब्रश त्यात बुडवला की टिशूवर टेकवून जवळजवळ कोरडा करा. हे टेकवणं विसरलात तर डोळ्याखाली थेंब साचतो आणि सुकल्यावर कडेने गोल डाग पडतो. डोळ्यांखाली, नाकाच्या मुळाशी, कानशिलांवर एकेक हलका थर, मधे पूर्ण वाळू द्या. ब्रश नेहमी सावलीच्या दिशेने ओढा, कारण जिथे तो उचलता तिथे रंग जास्त सांडतो. जबड्याच्या खालच्या बाजूला हिरवट राखाडीचा एकच थर पुरे.

एवढ्यावर थांबलात तर चेहरा अजून थोडा निर्जीव वाटेल. त्याला जिवंत करणारी जागा म्हणजे खालच्या पापणीची कड. तिथे फिकट लाल रंगाची केसाइतकी बारीक रेघ ओढा. जागरणाने, तापाने डोळे जसे लाल होतात तसे ते दिसतात आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हा माणूस जिवंत आहे आणि त्याला त्रास होतोय. ओठ त्वचेपेक्षा जेमतेम एक छटा गडद ठेवा. डोळ्यांत शुभ्र पांढरा भरू नका, मळकट पांढरा भरा. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं असू द्या. चहूबाजूंनी पांढरं सुटलं की तो दचकल्यासारखा दिसतो. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवा, म्हणजे हात थरथरत नाही.

केस सोनेरी आहेत म्हणून पिवळा रंग थापू नका. गेरूसारख्या तपकिरीवरून सुरू करून हस्तिदंतीपर्यंत जा. भडक पिवळ्याशेजारी तुम्ही मेहनतीने केलेली फिकट कातडी फिकट दिसत नाही, मळकी दिसते.

आणि गालावर वण काढू नका. जखम गळ्यावर होती. शौर्याची खूण म्हणून गालावर रेघ मारायचा मोह अनेकांना होतो, पण त्याने कथाच बदलते.

निळं, सोनं आणि तलवार

चिलखताचा निळा तुम्हाला माहीत आहेच. गेम्स वर्कशॉपच्याच सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने त्या रंगाला त्याच्याच ग्रहाचं, मॅक्रागचं नाव दिलंय. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या. सपाट निळ्यावर काळा वॉश सरसकट ओतला की मधोमध कॉफीच्या कपाच्या बुडासारखी वलयं उमटतात. वॉश फक्त खाचांत ओढा आणि सांडलेला थेंब ओला असतानाच स्वच्छ, ओलसर ब्रशने टिपून घ्या. वलय वाळून गेलं असेल तर खरवडू नका, मूळ निळ्याचा पातळ थर पुन्हा द्या.

सोन्याखाली आधी तपकिरी थर हवा, नाहीतर सोनेरी रंग कितीही दिला तरी खालचं काळं डोकावत राहतं. सोन्यासाठी पाण्याचा पेलाही वेगळा ठेवा. धातूच्या रंगातली चमकी पाण्यात तरंगते आणि त्याच पाण्यात धुतलेला ब्रश चेहऱ्यावर गेला की आजारी माणसाच्या गालावर चांदण्या चमकू लागतात. तसं झालंच तर पुसायला जाऊ नका. पुसून चमकी निघत नाही, पसरते. वाळू द्या आणि त्वचेच्या रंगाने झाका.

चिलखत गंजलेलं दाखवणं हीही चूक. कॉलने आणलेलं हे चिलखत उत्तम अवस्थेत आहे, ते बिघडलं तर आतला माणूस जाईल. पायांवर धूळ, कडांवर चारदोन टवके ठीक. मेहनत करायची तर सांध्यांतल्या काळ्या जागांवर करा. बरेच जण तिथे प्रायमरच सोडून देतात. गडद राखाडी हायलाइट आणि अर्धचमक व्हार्निश दिलं, की आत यंत्र चालू असल्याचं जाणवतं.

गिलिमनच्या पेटत्या तलवारीच्या ज्वाळेत सगळे एकच चूक करतात, टोकं पिवळी आणि मूळ लाल. उलटं करा. पात्यालगत जवळजवळ पांढरा, मग पिवळा, नारिंगी, आणि टोकांना गडद लाल. ज्वाळेचा उजेड चिलखतावर पाडायचा असेल तर पात्याकडे तोंड असलेल्या पृष्ठभागांवरच पाडा. चेहऱ्यावर नारिंगी उजेड टाकू नका, नाहीतर गालांवरची हटवलेली लाली मागच्या दाराने परत येईल.

ड्रेडनॉट रंगवत असाल तर

हाच विचार ड्रेडनॉट या लढाऊ यंत्राच्या मूर्तीलाही लागू आहे. तिथे मरणाच्या दारातला योद्धा यंत्राच्या शवपेटीत बंद असतो, आणि रिडेम्प्टर ड्रेडनॉटची ताकद तर आतल्या माणसाला लवकर संपवते, अशी त्याची कथा आहे. आतला माणूस दाखवायचा असेल तर समोरची प्लेट चिकटवण्याआधी आतला भाग रंगवून घ्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही आणि किटमधला सर्वात करुण भाग कायमचा अंधारात जातो.

व्हार्निश आणि शेवटची जोडणी

व्हार्निशलाही प्रायमरचेच नियम, फक्त जास्त कडक. दमट दिवशी मॅट (चमक नसलेलं) व्हार्निश मारलंत तर मूर्तीवर दुधी धुकं बसतं. घाबरू नका आणि लगेच रंग काढायलाही जाऊ नका. कोरड्या दिवशी ग्लॉस (चमकदार) व्हार्निशचा एक थर ब्रशने द्या, बहुतेक वेळा धुकं विरतं. पूर्ण वाळल्यावर पुन्हा पातळ मॅट द्या. मॅटने सोन्याची चमक मरते, म्हणून सोन्यावर शेवटी ब्रशने अर्धचमक व्हार्निशचा हात फिरवा. चेहरा मात्र पूर्ण मॅट ठेवा. कपाळ चमकलं की घाम वाटत नाही, प्लॅस्टिक वाटतं.

डोकं बसवायचं ते हे सगळं झाल्यावर. मानेच्या खोबणीतला ब्लू टॅक काढा, कडेने गेलेला रंग खरवडून प्लॅस्टिक उघडं करा आणि टाचणीच्या टोकाने सिमेंटचा बारीक थेंब लावा. मान सरळ न ठेवता किंचित तलवारीकडे वळवून बघा. चिकटवण्याआधी समोरून आणि डाव्या-उजव्या बाजूंनी निरखा, कारण नंतर ती हलणार नाही. सुपरग्लू वापरणारच असाल तर मूर्ती लगेच बंद डब्यात किंवा काचेच्या कपाटात ठेवू नका. त्याची वाफ कोंडली की आसपासच्या रंगावर पांढरी पूड धरते, आणि ती सगळ्यात आधी दिसते चेहऱ्यावर. रात्रभर पंख्याच्या हवेत उघडी राहू द्या.