आधी चाक सरळ, मग गिअर वर: लँडिंग गिअरची अलाइनमेंट आणि स्विंग

लँडिंग गिअरच्या, म्हणजे विमानाची चाकं आणि त्यांच्या पायांच्या, कामावर नव्याने आलेली मुलं-मुली थेट जॅककडे धावतात. गिअर वर-खाली होताना बघायला सगळ्यांनाच आवडतं. मी मात्र विमान आधी जमिनीवरच ठेवायला लावतो. चाकांची दिशा त्यांच्यावर भार असतानाच कळते. आणि ती दुरुस्त केली की गिअर आत नीट मावतो का, हे पुन्हा बघावंच लागतं. म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ करणं, आधी आणि स्विंग, म्हणजे विमान जॅकवर घेऊन गिअर वर-खाली करून बघणं, नंतर. मी इथे लहान विमानाची रीत सांगतोय. मापं मात्र दरवेळी त्या विमानाच्या मेन्टेनन्स मॅन्युअलमधूनच घ्या.

प्रत्येक मुख्य चाकाखाली ॲल्युमिनियमचे दोन पत्रे ठेवा, मध्ये ग्रीसचा भरपूर थर द्या आणि विमान हलकेच हलवा. टायर जमिनीला घट्ट धरून बसल्यामुळे गिअरमध्ये आडवा ताण साठलेला असतो. वरचा पत्रा ग्रीसवर सरकला की हा ताण निघून जातो. हे न करता घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही. आता दोन्ही मुख्य चाकांच्या पुढून, ॲक्सलच्या जरा खाली, एक लांब सरळ पट्टी आडवी धरा. तिला गुण्या लावा आणि गुण्याची दुसरी बाजू चाकाच्या बाहेरच्या अंगाला टेकवा. पुढच्या बाजूला फट दिसली तर टो-इन, म्हणजे चाकाचं तोंड आत वळलेलं; मागे दिसली तर टो-आउट, म्हणजे बाहेर वळलेलं. चाक वरून आत-बाहेर झुकलंय का, म्हणजे कॅम्बर, ते बबल प्रोट्रॅक्टर लावून बघा.

ओलिओ स्ट्रट (तेल आणि नायट्रोजन भरलेला, धक्का झेलणारा पाय) असेल तर टो सुधारायला टॉर्क लिंकच्या (स्ट्रटच्या आतल्या भागाला फिरू न देणाऱ्या कात्रीसारख्या जोडाच्या) सांध्यातले वॉशर इकडचे तिकडे करतात. स्प्रिंग स्टीलचा पाय असेल तर ॲक्सल आणि पाय यांच्यामध्ये शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालतात. टायरची एकच कड झिजलेली दिसली, तर नवा टायर मागवण्याआधी हे माप घ्या.

नाकाच्या चाकाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. विमान जमीन सोडतं, स्ट्रट पूर्ण उघडतो आणि आतला सेंटरिंग कॅम चाक सरळ करून धरतो. तेव्हाच ते आपल्या कप्प्यात जाऊ शकतं. नायट्रोजन कमी असेल, तर स्ट्रट पुरता उघडत नाही आणि कॅम नीट बसत नाही. चाक फिरू न देणारे भाग निकामी झाले तर काय होतं, ते 21 सप्टेंबर 2005 रोजी दिसलं. जेटब्लूच्या एअरबस ए320 चं नाकाचं चाक 90 अंश आडवं वळून राहिलं. स्ट्रटला फिरू न देणारे कान मेटल फटीगने, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून, तुटले होते. विमान लॉस एंजेलिसला तसंच उतरलं आणि आतली 146 माणसं सुखरूप बाहेर आली. म्हणून टॉर्क लिंकचा खेळ हाताने हलवून बघा, नुसती नजर टाकून पुढे जाऊ नका.

आता जॅक. हँगरची दारं बंद, सगळे जॅक एकाच वेळी थोडे थोडे वर, आणि प्रत्येक जॅकचा लॉक नट रॅमबरोबर (वर येणाऱ्या दांड्याबरोबर) फिरवत न्यायचा. मॅन्युअलमध्ये शेपटीचा आधार सांगितला असेल, तर तो लावल्याशिवाय पुढचं काही नाही. कॉकपिटमध्ये एक माणूस, बाहेर प्रत्येक गिअरपाशी एक, सगळ्यांच्या कानाला हेडसेट. बाहेरच्यांनी ‘क्लिअर’ म्हटल्याशिवाय लिव्हरला हात लावायचा नाही. मोठ्या विमानात हायड्रॉलिकचा दाब साधारण 3000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. त्या दाबाने बंद होणारं दार हात मागे घ्यायला वेळ देत नाही. व्हील वेलमध्ये, म्हणजे चाकाच्या कप्प्यात, शिरायचं असेल तर दाराची सेफ्टी पिन आधी.

जमिनीवर गिअर दुमडू न देणारी ग्राउंड लॉक पिन काढा आणि गिअर वर घ्या. पहिल्या फेरीला डोळ्यांइतकाच कान द्या. गिअर खाली धरणारा डाउनलॉक सुटतो, हायड्रॉलिकचा ॲक्चुएटर ओढतो, गिअर वर धरणाऱ्या अपलॉकचा हुक रोलर पकडतो आणि खट्ट आवाज येतो. तो आवाज कुठल्या बाजूला उशिरा आला, ते लिहून ठेवा. गिअर वर असताना टायर आणि कप्प्याची भिंत यांच्यातलं अंतर मोजा. झिजलेला टायर सहज मावतो, त्याच जागी नवा टायर घासू शकतो. टायर बदलल्यावर हे माप पुन्हा घ्या.

खाली घेताना हिरव्या दिव्यावर थांबू नका. साइड ब्रेस, म्हणजे गिअरला बाजूने आधार देणारा दुमडता दांडा, ताठ केलेल्या गुडघ्यासारखा सरळ रेषेच्या जरा पलीकडे जाऊन बसला आहे ना, ते टॉर्च मारून स्वतः बघा. 29 डिसेंबर 1972 ला अमेरिकेच्या इस्टर्न एअर लाइन्सच्या फ्लाइट 401 मध्ये नाकाचा गिअर खाली आणि लॉक झालेला होता, फक्त दिव्याचे बल्ब गेलेले होते. कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले आणि विमान फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. म्हणून प्रत्येक दिवा, प्रॉक्सिमिटी स्विच (गिअर जागेवर आला हे ओळखणारा) आणि थ्रॉटल मागे घेतल्यावर वाजणारा हॉर्न वेगवेगळा तपासा.

इमर्जन्सी एक्स्टेन्शन, म्हणजे हायड्रॉलिकशिवाय गिअर खाली आणण्याची चाचणी, कधीही गाळू नका. हायड्रॉलिक बंद करून अपलॉक सोडा आणि गिअर स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या. नाकाचा गिअर पुढे दुमडणारा असेल, तर उड्डाणात समोरचा वारा त्याला मागे रेटून लॉक करायला मदत करतो. हँगरमध्ये ती मदत नसते. इथे काय चालेल ते मॅन्युअलमध्ये पाहा, मनाने ढकलून लॉक करू नका.

शेवटी गिअर नेहमीच्या पद्धतीने खाली, पिना आत, मगच जॅक उतरवा. स्ट्रट कधी कधी अडकून मग एकदम दबतो, त्यामुळे विमान पूर्ण टेकेपर्यंत खाली कोणी नको. सही करण्याआधी व्हील वेलमधली हत्यारं मोजून घ्या.