क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये एम.ए. : जाण्याआधी विचारायचे प्रश्न

क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये एम.ए. करायचंय म्हणून कुणी विचारायला आलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: दुसऱ्याचं अर्धकच्चं लिखाण वाचायचा उत्साह आहे का? बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. त्यांच्या डोळ्यांसमोर खिडकीशी टेबल, बाहेर पाऊस आणि हाताशी भरपूर वेळ असं चित्र असतं. पाऊस असतो, तेवढं खरं आहे. बाकी वर्षाचा मोठा भाग वर्गातल्या इतरांच्या कादंबऱ्यांची प्रकरणं वाचण्यात जातो.

मी शिकले इंग्लंडमधल्या नॉरिचला, युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लियात. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटवरून गाडीने दोनेक तास. माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकारांनी १९७० साली इथे हा एम.ए. सुरू केला. पहिला विद्यार्थी, पुढे नामवंत कादंबरीकार झालेले इयन मॅकइवन. पुढे काझुओ इशिगुरोही इथेच शिकले आणि २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं. ही नावं बघून अर्ज करणारे बरेच असतात. पण दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या बाकीच्यांची नावं माहितीपत्रकात नसतात, हेही लक्षात ठेवा.

ब्रिटन की अमेरिका, हा प्रश्न मुळात पैशाचा आणि वेळेचा आहे. ब्रिटनमधला एम.ए. एका वर्षाचा; परदेशी विद्यार्थ्यांची फी साधारण वीस हजार पौंडांच्या वर जाते आणि शिष्यवृत्त्या मोजक्याच. अमेरिकेतली याच विषयाची पदवी, एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स), दोन-तीन वर्षांची. तिथली काही विद्यापीठं फी माफ करून वर विद्यावेतन देतात आणि बदल्यात पदवीच्या मुलांना लेखन शिकवायला लावतात. पण अशा ठिकाणी जागा मूठभर आणि अर्ज ढीगभर. हाताशी पैसे नसतील तर चार-पाच अशा ठिकाणी अर्ज करून वाट बघावी, कर्ज काढून ब्रिटनला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या पदवीच्या जिवावर कर्ज फिटत नाही.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचं नाव घेताना आपल्याकडे हमखास एक गोंधळ होतो. आयोवा रायटर्स वर्कशॉप हा १९३६ पासूनचा पदवी अभ्यासक्रम. कवी दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात गेले ते तिथल्याच इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमला. तो १९६७ साली सुरू झालेला निवासी उपक्रम आहे. लिहिते लेखक तिथे काही काळ राहून काम करतात, पदवी मिळत नाही. दोन्हींचे रस्ते वेगळे.

अर्जात मार्कलिस्टपेक्षा नमुना-लेखन जड असतं. ब्रिटनमध्ये साधारण तीन ते पाच हजार शब्द मागतात. कादंबरीचा तुकडा पाठवायचा असेल तर पहिलं प्रकरणच पाठवावं असं काही नाही. ज्यात माणसं समोरासमोर येतात ते पाठवा. मी माझीच एक मराठी कथा इंग्रजीत नव्याने लिहून पाठवली होती. तिच्यातले संवाद अवघडलेले होते, पण प्रसंग धरून ठेवणारा होता. तुमच्या एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या ‘मला हे का शिकायचंय’ या निवेदनात मात्र ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ हे वाक्य नको. ते सगळ्यांच्याच एसओपीत असतं.

आता वर्कशॉप, म्हणजे एकमेकांच्या लिखाणावर चर्चा करायचा वर्ग. आठवड्यातून एकदा, तीनेक तास, डझनभर माणसं आणि एक लेखक-प्राध्यापक. दर वेळी दोघातिघांचं लिखाण चर्चेला. ते काही दिवस आधी मिळतं, वाचून समासात शेरे लिहून आणायचं असतं. ज्याचं लिखाण असेल त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. अलीकडे या नियमावर बरीच टीका होते आणि काही प्राध्यापक लेखकालाच आधी प्रश्न मांडू देतात. माझ्या वर्गात जुनीच पद्धत होती आणि मला ती मानवली. पुस्तक छापून आल्यावर वाचकाच्या शेजारी बसून ‘मला असं म्हणायचं होतं’ हे कोण सांगणार?

आपल्याकडे कथा वाचायला दिली की दोनच उत्तरं येतात: ‘छान जमलीये’ किंवा ‘अजून खोलात जायला हवं होतं’. दोन्हींचा उपयोग शून्य. तिथे मला मिळालेला सर्वांत कामाचा शेरा होता, ‘चौथ्या पानावर माझं लक्ष उडालं, सातव्यावर परत आलं.’ त्यात ना स्तुती ना निंदा, पण दुरुस्ती कुठे करायची ते कळलं. असा शेरा दुसऱ्याला द्यायला शिकलात की स्वतःच्या पानावरही ती जागा दिसायला लागते. फी वसूल होते ती इथे.

मराठी घरातून आलेल्या लेखकाला एक अडचण हमखास येते. माझ्या कथेत एक म्हातारी बँकेत जाते, कारकून नवऱ्याचं नाव विचारतो आणि ती गप्प राहते. तुम्हाला-मला कारण सांगावं लागत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांना वाटलं की तिला विस्मरणाचा आजार आहे. एकाच्या मते तिचा नवऱ्यावर राग होता. आता ‘आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत’ असं वाक्य घातलं तर कथेत टूरिस्ट गाइड शिरतो. मी कारकुनाला दुसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात विचारायला लावलं. म्हातारीने नातवाला पुढे ढकललं, त्याने नाव सांगितलं आणि नाव कानावर पडताच तिने पदर सारखा केला. बार्शीतल्या वाचकालाही हे खटकणार नाही, नॉरिचमधल्यालाही पोचेल. मेतकूट कशाचं करतात हे मात्र मी समजावत बसले नाही. ते ज्याचं त्याने शोधावं. माणसामाणसांत काय चाललंय ते कळलं नाही तर लेखकाने हलायचं, पदार्थ कळला नाही तर नाही, असा माझा ढोबळ नियम झाला.

मराठीतच लिहायचं ठरवलेल्यांनी हा एम.ए. करावा का? मला वाटतं, त्यांनी त्याच विद्यापीठातला साहित्य-अनुवादाचा एम.ए. आधी बघावा. जर्मन लेखक डब्ल्यू. जी. सेबाल्ड तिथे शिकवत आणि त्यांनीच १९८९ साली तिथे ब्रिटिश सेंटर फॉर लिटररी ट्रान्सलेशन सुरू केलं. मराठीतून थेट इंग्रजीत चांगला अनुवाद करणारे हवेच आहेत.

प्रकाशनाबद्दल थोडक्यात. वर्षाअखेरीस वर्गातल्यांच्या लिखाणाचं संकलन निघतं आणि ते लंडनच्या एजंटांपर्यंत पोचतं. एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणारा, हा प्रकार आपल्याला नवा. मराठीत आपण कथा दिवाळी अंकाला किंवा हस्तलिखित थेट प्रकाशकाला पाठवतो. तिथे मोठे प्रकाशक एजंटाशिवाय सहसा दारात उभं करत नाहीत. एजंट तुमच्या कमाईतून साधारण पंधरा टक्के घेतो. वाचायचेच पैसे आधी मागणारा भेटला तर तिथून निघा.

स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. तेवढे सगळे तास कॅफेत घातलेत तर वाचनाला रात्रीच उरतात, आणि उन्हाळ्यातला प्रबंध, म्हणजे पंधराएक हजार शब्दांचं स्वतःचं लिखाण, रखडतो. भारतात परतून कॉलेजात शिकवायचा बेत असेल तर एक लक्षात घ्या: २०२२ च्या भारत-ब्रिटन करारामुळे ब्रिटनच्या एका वर्षाच्या मास्टर्सला इथे मान्यता आहे, पण प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेच्या यादीत क्रिएटिव्ह रायटिंग हा विषय नाही. बरोबरीचे बरेच जण जाहिरात, संपादन किंवा ॲपमधला मजकूर लिहिण्याच्या कामात आहेत. मीही दिवसा एका कंपनीसाठी तेच करते, आणि कादंबरी पहाटे.