हंगेरी १९४५ ते १९४७ : शेवट माहीत असलेल्या विषयावर काम करताना

हंगेरीत एकपक्षीय कम्युनिस्ट राजवट येण्याआधी दोन-अडीच वर्षं खरे पक्ष होते, खरी निवडणूक झाली होती आणि संसदेत खरी भांडणं होत होती. या काळावर एम.ए.ची प्रबंधिका किंवा पीएच.डी. करावी असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. याल्टा, पॉट्सडॅम, शीतयुद्धाची सुरुवात एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी कटू ते सांगते. इंग्रजीतल्या चार-पाच पुस्तकांवर हा प्रबंध उभा राहत नाही. राहिलाच, तर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक दहा मिनिटांत तो आडवा करतात. आणि आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांतून ज्या नोट्स फिरतात, त्यात अख्खा पूर्व युरोप दीड पानात उरकलेला असतो : लाल सेना आली, कम्युनिस्ट आले, विषय संपला. स्पर्धा परीक्षेला तेवढं चालून जाईल. संशोधनाला मात्र त्या दीड पानाने फार नुकसान होतं, कारण ते एकदा डोक्यात बसलं की निघता निघत नाही. माझ्याही डोक्यात ते बसलं होतं. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण हा सगळा लेख खरं तर त्या एका गोष्टीसाठीच आहे.

पण घाबरून जाऊ नका. गावाकडून आलेल्या मुलांना हा विषय एका बाजूने पटकन कळतो. ४ नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकीत अल्पभूधारक पक्षाला ५७ टक्के मतं आणि ४०९ पैकी २४५ जागा मिळाल्या. कम्युनिस्टांना १७ टक्के, सोशल डेमोक्रॅटांना त्याहून किंचित जास्त, राष्ट्रीय शेतकरी पक्षाला जेमतेम ७ टक्के. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जमीन सुधारणा झाली होती आणि सहा लाखांहून अधिक कुटुंबांना जमीन मिळाली होती. ती वाटणारे शेतीमंत्री इम्रे नॉज कम्युनिस्ट होते. मग जमीन मिळालेल्या शेतकऱ्याने मत दुसऱ्यालाच का दिलं, असा प्रश्न शहरातल्या मुलांना पडतो. घरी दोन-अडीच एकर असलेल्याला तो पडत नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं की माणसाची पहिली काळजी असते ती हे नाव टिकवायची, आणि रशियातल्या सामुदायिक शेतीच्या कहाण्या युद्धकैदी आणि सैनिक घेऊन आलेच होते. चर्चचा, व्यापाऱ्यांचा, जुन्या मध्यमवर्गाचा पाठिंबाही याच पक्षाकडे वळला, कारण उजवीकडच्या जुन्या पक्षांना निवडणुकीत उतरायची परवानगीच नव्हती. म्हणून ५७ टक्के हा आकडा एका पक्षाचा समजू नका. त्याच्या पोटात तीन-चार पक्ष होते. पुढे पक्ष फुटत गेला, त्याचं बरंचसं कारण इथेच आहे.

नावांचं एक पथ्य पहिल्याच दिवशी पाळा. इम्रे नॉज आणि फेरेन्त्स नॉज हे वेगवेगळे. पहिले कम्युनिस्ट, १९५६ च्या उठावातले. दुसरे अल्पभूधारक पक्षाचे, फेब्रुवारी १९४६ ते मे १९४७ पंतप्रधान. त्यांचं काही नातं नाही. तसेच अल्पभूधारक पक्षाचे बेला कोवाच आणि राष्ट्रीय शेतकरी पक्षाचे इम्रे कोवाच. टिपणात नुसतं आडनाव लिहाल तर महिन्याभरात स्वतःच्याच टिपणांवरचा विश्वास उडेल.

आता मुख्य सापळा.

या विषयाचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. १९४८ च्या जूनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्ष कम्युनिस्टांत विलीन झाला, मे १९४९ मध्ये एकाच यादीवर मतदान झालं, ऑगस्टमध्ये नवी राज्यघटना आली. हे माहीत असल्यामुळे आपण १९४५ मधला प्रत्येक माणूस त्या उजेडात बघायला लागतो. मग आपल्या प्रकरणात अशी वाक्यं येतात : 'अल्पभूधारक पक्षाच्या नेत्यांना धोका ओळखता आला नाही', 'लोकशाही पक्षांनी भोळेपणाने सवलती दिल्या'. वाक्यं ऐकायला छान, पुराव्याला पोकळ. माझ्या मसुद्यात ती पानोपानी होती, आणि ती काढायला मला मसुदा लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पोकळ का, ते नीट बघा. धोका त्यांना पुरेपूर दिसत होता. ते १९४५-४६ मध्ये दिवस मोजत होते ते शांतता कराराचे. तो होईपर्यंत देशात दोस्तराष्ट्रांचा नियंत्रण आयोग होता आणि त्याचे अध्यक्ष होते सोव्हिएत मार्शल व्होरोशिलोव्ह. ५७ टक्के मिळाले तरी सरकार आघाडीचंच होईल आणि गृहखातं कम्युनिस्टांना मिळेल, हे त्यांच्याच दडपणाखाली ठरलं. अल्पभूधारकांचा हिशोब असा होता : आत्ता भांडण टाळा, करार पदरात पाडून घ्या, सोव्हिएत सैन्य मायदेशी जाऊ द्या, मग पुन्हा निवडणूक घ्या. शेतकरी कुठे पळून जात नाही. शिवाय मॉस्कोला दुखवायची सोय नव्हती, त्याची कारणंही ठोस होती. लाखो हंगेरियन कैदी सोव्हिएत छावण्यांत होते. युद्धखंडणी ३० कोटी डॉलरची, त्यातली २० कोटी सोव्हिएत युनियनला द्यायची. रुमानियाकडून सीमेबाबत काहीतरी हाती लागेल ही आशा. आणि १९४६ च्या उन्हाळ्यात पेंग्यो हे चलन इतकं कोसळलं की १ ऑगस्टला फोरिंट हे नवं चलन आणावं लागलं. एवढं ओझं डोक्यावर असलेल्या माणसाने एक खातं सोडलं, तर त्याला भोळा म्हणण्याआधी शंभरदा विचार करावा.

करार १० फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसला झाला. त्यातलं सैन्याविषयीचं कलम स्वतः वाचा. सगळी दोस्त सैन्यं जातील, मात्र ऑस्ट्रियातल्या आपल्या विभागाशी दळणवळण राखण्यासाठी सोव्हिएत युनियनला हंगेरीत सैन्य ठेवता येईल, असं त्यात आहे. आज आपल्याला वाटतं, हे वाचूनही त्यांना कळलं नाही? पण ऑस्ट्रियातला ताबा १९५५ पर्यंत चालेल हे १९४६ मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. ऑस्ट्रियाचा करार वर्षा-दोन वर्षांत होईल असं समजणं तेव्हा वेडेपणाचं नव्हतं. त्यांची चाल चुकली हे खरं. ती चाल होती, झोप नव्हती, एवढं तुमच्या प्रबंधात दिसलं पाहिजे.

यातून बाहेर पडायला मला उपयोगी पडलेली पद्धत साधी आहे. प्रत्येक प्रकरणाला एक शेवटची तारीख ठरवा आणि ते प्रकरण लिहिताना त्या तारखेनंतरचा एकही कागद हाताशी ठेवू नका. आठवणी, आत्मचरित्रं वेगळ्या फाइलमध्ये. फेरेन्त्स नॉज यांच्या आठवणी १९४८ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत आल्या. त्या मोलाच्या आहेत, पण त्या लिहिणारा माणूस सगळं गमावून बसलेला आहे. त्यालाही शेवट माहीत आहे. त्याच माणसाचं १९४६ मधलं भाषण अगदी वेगळ्या सुरात आहे. दोन्ही वापरा, पण एकाच टिपणात नाही. हे जाचक वाटेल, माझ्याही जिवावर यायचं. तरी करा.

उलट टोकाला मात्र जाऊ नका. सगळं काही खुलं होतं, कुणीही जिंकू शकलं असतं, असंही नव्हतं. गृहखातं म्हणजे पोलीस, पोलिसांचा राजकीय विभाग आणि मतदारयाद्या. नोव्हेंबर १९४५ मध्ये ते इम्रे नॉज यांच्याकडे गेलं आणि मार्च १९४६ मध्ये लास्लो राइक यांच्याकडे. त्याच मार्चमध्ये कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, राष्ट्रीय शेतकरी पक्ष आणि कामगार संघटना यांची डावी आघाडी रस्त्यावर उतरली आणि अल्पभूधारक पक्षाला देझ्यो शुयोक यांच्यासह आपले वीसेक खासदार स्वतःच्या हाताने काढावे लागले. या एका आठवड्यावर कुणी नीट काम केलं तर स्वतंत्र प्रबंधिका होईल.

आणि बेला कोवाच यांचं प्रकरण तासातासाने वाचा. पक्षाचे सरचिटणीस, शेतकरी घरातला माणूस. एका गुप्त संघटनेच्या कटात त्यांचं नाव गोवलं गेलं. त्यांना अटक करायची तर संसदेने खासदारकीचं संरक्षण काढायला हवं होतं, आणि अल्पभूधारकांनी त्याला नकार दिला. तडजोड म्हणून ते आपण होऊन जबाब द्यायला पोलिसांकडे गेले. २५ फेब्रुवारी १९४७ च्या रात्री त्यांना सोव्हिएत लष्कराने पकडलं. आरोप सोव्हिएत सैन्याविरुद्ध हेरगिरीचा. करारावर सही होऊन पंधरा दिवस झाले होते, पण तो सप्टेंबरपर्यंत लागू व्हायचा होता, म्हणून नियंत्रण आयोग अजून होता. संसदेने आपलं काम केलं होतं. तिला बगल देऊन माणूस उचलला गेला. कोवाच हंगेरीत परतले ते १९५५ मध्ये. १९४७ च्याच मे महिन्यात पंतप्रधान नॉज स्वित्झर्लंडला सुटीवर असताना कोवाच यांच्या कथित जबाबाच्या आधारे त्यांच्यावरही आरोप ठेवले गेले आणि धाकटा मुलगा सुखरूप हाती मिळण्याच्या बदल्यात त्यांनी राजीनामा दिला. हे लिहिताना मला आजही थांबावं लागतं.

३१ ऑगस्ट १९४७ च्या निवडणुकीवर मात्र नवखे लोक नको तितके अडकतात. निळ्या चिठ्ठ्यांची गोष्ट रंजक आहेच : गावाबाहेर असलेल्या मतदाराला दुसरीकडे मत देता यावं म्हणून दिलेल्या या चिठ्ठ्या घेऊन कम्युनिस्ट पक्षाच्या टोळ्या ट्रकमधून केंद्राकेंद्रांवर फिरल्या. पण एवढं करूनही कम्युनिस्टांना २२.३ टक्के मिळाले. खरा घाव आधीच बसला होता. लाखो मतदारांची नावं याद्यांतून गेली होती, शुयोक यांनी हकालपट्टीनंतर काढलेल्या पक्षाने जुलैतच गाशा गुंडाळला होता. झोल्तान फाइफर यांच्या स्वातंत्र्य पक्षाला १३ टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि नोव्हेंबरात त्याच्या सगळ्या जागा रद्द झाल्या. मतदानाच्या दिवसाआधीचे दोन महिने आणि नंतरचे तीन महिने वाचा. मतदानाचा दिवस दोन पानांत आटपला तरी चालेल.

तुलनेचा मोह प्रत्येकाला होतो. माझं ठाम मत आहे की पहिली दोन वर्षं तुलना करूच नये. एकच अपवाद : चेकोस्लोव्हाकिया हंगेरीच्या शेजारी ठेवून बघा, म्हणजे सैन्याच्या नावावर सगळं खपवायची सवय जाईल. तिथून सोव्हिएत सैन्य १९४५ च्या अखेरीस निघून गेलं होतं. मे १९४६ मध्ये कम्युनिस्टांना ३८ टक्के मतं मिळाली, तीही बऱ्यापैकी मुक्त निवडणुकीत. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्राग पोलिसांतल्या नेमणुकांवरून तीन पक्षांच्या बारा मंत्र्यांनी राजीनामे दिले. सरकार पडेल हा त्यांचा होरा होता. पण मंत्रिमंडळ सव्वीस जणांचं होतं, सोशल डेमोक्रॅट आणि परराष्ट्रमंत्री यान मासारिक बाहेर पडले नाहीत, आणि २५ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी राजीनामे स्वीकारले. तिथेही भांडण पोलिसांवरूनच पेटलं, हे लक्षात ठेवा.

व्यवहाराचं थोडं. हंगेरियन भाषा कठीण आहे, खोटं सांगत नाही. पण वृत्तपत्राचे मथळे आणि संसदेची कामकाजपत्रं समजण्याइतकी ती येते. दिल्ली विद्यापीठात ती शिकवतात, दिल्लीतल्या हंगेरियन सांस्कृतिक केंद्रातही वर्ग असतात. यंत्राने केलेल्या भाषांतरावर मजकुराचा अंदाज घ्या, उद्धृत करू नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे त्या वर्षांचे कागद इंटरनेटवर फुकट आहेत आणि सुरुवात तिथूनच होईल. फक्त ते सगळं बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीतून दिसलेलं आहे. तिथे येणारे राजकारणी मदत मागायलाच येत होते, त्यामुळे सूर सतत काकुळतीचा लागतो. तेवढ्यावरून हंगेरियन माणूस लाचार ठरवू नका.

मार्गदर्शक निवडताना नावाकडे पाहू नका. मला पहिल्यांदा मोठ्या नावाचे मार्गदर्शक मिळाले होते. प्रकरणं त्यांच्या टेबलावर महिनोन्महिने तशीच पडून राहायची. नंतर ज्यांनी वाचलं त्यांचा हा विषयच नव्हता, ते महाराष्ट्रातल्या कूळकायद्यावर काम करणारे होते. पण प्रत्येक पानावर ते 'हे त्यांना तेव्हा माहीत होतं का?' असं पेन्सिलीने विचारायचे. मला असाच माणूस हवा होता, तुम्हालाही असाच मिळो. नाही मिळाला तर एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला ते काम द्या. त्यासाठी हंगेरी माहीत असायची गरज नाही.

बुडापेस्टला जायचं असेल तर हंगेरी सरकारची स्टिपेंडियम हंगेरिकम शिष्यवृत्ती भारतीयांना मिळते. मुदत साधारण जानेवारीत संपते, आणि भारताच्या बाजूने वेगळं नामांकनही लागतं, ते बरेच जण विसरतात. तयारी दिवाळीच्या सुटीतच सुरू करा. अर्जातल्या संशोधन आराखड्यात 'कम्युनिस्ट सत्ताग्रहण' असा आभाळाएवढा विषय लिहू नका. फेब्रुवारी १९४७ चे दोन आठवडे घ्या, कम्युनिस्टांचं 'साबाद नेप' आणि अल्पभूधारकांचं 'किश उयशाग' ही दोन दैनिकं समोरासमोर ठेवून कोवाच प्रकरण वाचणार आहे, असं लिहा.