मॅच डीक्यू झाल्यावर: प्रॅक्टिकल पिस्तूल स्पर्धेतली चूक नेमकी कुठे शोधायची

आयपीएससी ही प्रॅक्टिकल नेमबाजीची, म्हणजे जागा बदलत वेळेशी शर्यत करत मारायच्या खेळाची, आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या किंवा तिच्या नियमांवर बेतलेल्या पिस्तूल स्पर्धेत सुरक्षेचा नियम मोडला, तर दंडगुण कापून पुढे जाता येत नाही. आरओ म्हणजे रेंज ऑफिसर 'स्टॉप' म्हणतो, पिस्तूल रिकामं करून घेतो आणि त्या स्पर्धेपुरता तुमचा खेळ संपतो. यालाच मॅच डीक्यू, म्हणजे डिस्क्वालिफिकेशन, म्हणतात. उरलेली एकही स्टेज (स्पर्धेचा एकेक टप्पा) मारता येत नाही आणि अंतिम क्रमवारीतून तुम्ही बाद होता. चूक काठावर असताना आरओला 'फिंगर' किंवा 'मझल' असं ओरडून सावध करायची मुभा आहे. पण तसं करायला तो बांधील नाही आणि 'त्याच्या आवाजाने लक्ष विचलित झालं' म्हणून रीशूट, म्हणजे तीच स्टेज पुन्हा मारायची संधी, तीही मिळत नाही.

नवख्यांना हे फार कठोर वाटतं, कारण बहुतेक डीक्यूमध्ये कुणाला खरचटलेलंही नसतं. नियमांची रचनाच तशी आहे. पिस्तुलाने माणूस जखमी व्हायला सहसा दोन गोष्टी एकाच वेळी चुकाव्या लागतात: नळी नको तिकडे असणं आणि बोट ट्रिगरवर असणं. म्हणून यातली एक चुकली की लगेच थांबवायचं, दुसरीची वाट पाहायची नाही. तेव्हा 'काही झालं तर नाही ना' हा बचाव इथे चालत नाही, आणि तो मनातल्या मनातही करू नये. तो केला की माणूस शिकायचं थांबतो.

डावीकडे पळताना मॅगझिन बदलणं

नळीचा नियम असा: स्टेज चालू असताना नळी मागच्या मातीच्या बांधाच्या मध्यापासून कोणत्याही बाजूला ९० अंशांपलीकडे जाता कामा नये. दोन्ही बाजू मिळून होणाऱ्या या मर्यादेच्या रेषेला बोलताना सगळे '१८०' म्हणतात. ही रेषा जमिनीवर आखलेली नसते, ती तुमच्याबरोबर सरकते. त्यामुळे दहा पावलं मागे असताना बिनधास्त मारता येणारं टार्गेट तुम्ही ओलांडून गेलात की रेषेच्या मागे पडतं. सुटलेलं टार्गेट आठवून मागे वळणं हा डीक्यूचा हमखास रस्ता. सुटलं तर सुटलं. मिसचे गुण जातील, स्पर्धा राहील.

पण सर्वांत जास्त लोक सापडतात ते मॅगझिन बदलताना. उजव्या हाताचा नेमबाज मॅगझिन बदलायला पिस्तूल छातीजवळ आणतो, तेव्हा कोपर उजव्या बरगडीशी राहतं आणि हात तिरका आत येतो. परिणामी नळी शरीराच्या मानाने थोडी डावीकडे वळते. समोर तोंड करून उभं असताना यात काहीच वावगं नाही. आता तोच माणूस डावीकडे पळतो आहे असं समजा. छाती डावीकडे वळलेली, बांध त्याच्या उजव्या हाताला. अशा वेळी शरीराच्या मानाने 'थोडी डावीकडे' म्हणजे थेट मागे, आरओ आणि प्रेक्षकांच्या दिशेला. हाताने नेहमीचीच हालचाल केलेली असते, बदललेले असतात ते पाय. डावऱ्यांना हाच धोका उजवीकडे पळताना असतो.

उपाय दोन आहेत. पहिला, मॅगझिन बदलणं पहिल्याच पावलात, छाती अजून बांधाकडे असताना उरकायचं आणि मग पळायचं. दुसरा, कंबरेखालचं शरीर वळू द्यायचं पण खांदे आणि पिस्तूल बांधाकडेच ठेवायचं. मनगट असं फिरवायचं की मॅगझिनचं तोंड तुमच्याकडे येईल आणि नळी समोरच राहील. दुसऱ्या पद्धतीत वेळ वाचतो, पण ती अंगवळणी पडेपर्यंत पहिलीच वापरावी. स्टेजचा वेळ अर्ध्या सेकंदाने वाढला तर वाढू द्या.

मागे सरकावं लागणाऱ्या स्टेजमध्येही हेच सूत्र. वळून पळायचं असेल तर पिस्तुलाचा हात मागे, बांधाकडे रोखलेला राहिला पाहिजे. दार किंवा दोरी ओढायची असेल तर मोकळा हात नळीच्या पुढे जाणार नाही हे आधीच ठरवा. स्वतःच्या हातावरून नळी फिरणं हाही डीक्यूच आहे. होल्स्टरमधून काढताना किंवा ठेवताना पायांवरून नळी जाण्याला सूट आहे, तीही बोट ट्रिगर गार्डबाहेर (ट्रिगरभोवतीच्या कड्याबाहेर) असेल तरच.

बोट

टार्गेटवर नेम किंवा मारा चालू नसेल तेव्हा हालचाल करताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, तेही आरओला दिसेल असं हवं. एकापेक्षा जास्त पाऊल टाकणं किंवा उभ्याचं गुडघ्यावर येणं या दोन्हींना हालचाल म्हणतात. भरताना, रिकामं करताना आणि अडकलेलं काडतूस काढताना तर अर्थातच.

'बोट बाहेर' एवढं मनात म्हणून भागत नाही, बोटाला एक ठरलेली जागा द्यावी लागते. फ्रेमच्या (पिस्तुलाच्या सांगाड्याच्या) वरच्या भागावर, स्लाइडच्या (वरच्या सरकणाऱ्या भागाच्या) खालच्या कडेशी एक जागा निवडा आणि दर वेळी तिथेच टेकवा. गार्डच्या कडेवर टेकवलेलं बोट तोल गेला की आत घसरतं. आरओला बाजूने पाहताना ते आत आहे की बाहेर हेही कळत नाही, मग वाद कशाला ओढवून घ्यायचा?

होल्स्टरमधून काढताना गोळी सुटते त्याचं कारणही बहुधा बोटच. पिस्तूल टार्गेटच्या रेषेत येण्याआधी बोट आत जातं आणि गोळी पुढ्यातल्या जमिनीत घुसते. ३ मीटरच्या आत जमिनीला गोळी लागली की डीक्यू. अपवाद त्याहून जवळ असलेल्या कागदी टार्गेटवर मारताना.

'इफ यू आर फिनिश्ड'

स्टेज संपते, आरओ 'इफ यू आर फिनिश्ड' म्हणून पिस्तूल रिकामं करायला सांगतो, अंगातली ताठरता उतरते आणि नेमक्या याच वेळी गोळी सुटते. क्रम साधा आहे: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं, मग डोळ्यांनी पाहणं, आणि मग 'हॅमर डाउन' या हुकमाला ट्रिगर दाबणं. घाईत स्लाइड आधी ओढली तर एक काडतूस उडतं आणि मॅगझिनमधलं दुसरं आत शिरतं. उडालेलं काडतूस पाहून मन म्हणतं 'झालं रिकामं'. ट्रिगर दाबला की धडाका. गोळी बांधात सरळ गेली तरी हा डीक्यूच, कारण पिस्तूल भरताना आणि रिकामं करताना सुटलेली कोणतीही गोळी मोजली जाते.

इथे एकच सवय लावा. उडालेल्या काडतुसाकडे बघायचं नाही, ते हवेत झेलण्याचा खेळ तर मुळीच नको. चेंबरमध्ये बघायचं, एक श्वास घ्यायचा, मग ट्रिगर. स्लाइड ओढताना नळी डावीकडे आडवी जात असेल तर पिस्तूल वळवू नका, स्वतः उजवीकडे पाव वळण घ्या, म्हणजे नळी बांधाकडेच राहील. आणि होल्स्टरमध्ये ठेवताना होल्स्टरकडे बघा. जॅकेटची दोरी ट्रिगर गार्डमध्ये अडकू शकते.

स्टेजबाहेर

'मेक रेडी' (स्टेजच्या सुरुवातीचा हुकूम) ते 'रेंज इज क्लिअर' (शेवटचा हुकूम) या दरम्यान पिस्तूल हातातून किंवा होल्स्टरमधून पडलं, भरलेलं असो वा नसो, तर डीक्यू. पडणारं पिस्तूल झेलायला जाऊ नका. झेलणाऱ्याचं बोट पहिल्यांदा ट्रिगरच शोधतं. स्टेजबाहेर रिकामं पिस्तूल पडणं हा गुन्हा नाही, पण ते स्वतः उचलणं आहे. तिथेच उभं राहून आरओला हाक मारायची. उघड्या धाटणीच्या रेस होल्स्टरचं लॉक 'मेक रेडी'पर्यंत लावलेलंच ठेवा.

सेफ्टी एरियात, म्हणजे त्यासाठी नेमून दिलेल्या जागेत, पिस्तूल हाताळता येतं, काडतूस नाही. डमी राउंड आणि स्नॅप कॅप ही सरावाची नकली काडतुसंसुद्धा नाहीत. आरओच्या हुकमाशिवाय दुसरीकडे कुठेही, अगदी घरी निघताना बॅग भरतानाही, पिस्तूल काढायचं नाही.

'स्टॉप' ऐकल्यानंतर

गोठून उभे राहा: बोट बाहेर, नळी बांधाकडे. मागे वळून 'काय झालं?' विचारू नका. वळताना नळीही वळते. पिस्तूल रिकामं करून ठेवल्यावर नियमाचा क्रमांक विचारा आणि स्कोअरशीटवर लिहिलेलं कारण वाचा.

एक गोष्ट मात्र लगेच करायची. एका दाबात दोन गोळ्या सुटल्या किंवा पिस्तूल आपोआप सुटलं अशी शंका असेल, तर स्टेज सोडण्याआधी ते तपासणीसाठी द्या. भाग तुटल्याचं सिद्ध झालं तर डीक्यू होत नाही, फक्त त्या स्टेजला शून्य मिळतं. तिथून निघून गेल्यावर हे कारण सांगता येत नाही.

निर्णय पटला नाही तर आधी रेंज मास्टर (आरओंचा प्रमुख), मग लेखी अर्ज, तोही घटनेपासून एका तासाच्या आत आणि शुल्क भरून. पण अर्ज ऐकणारी समिती फक्त असाधारण परिस्थिती होती का एवढंच बघते. आरओने पाहिलेली कृती घडली की नाही, यावर दाद मागता येत नाही. त्यामुळे '९० नाही, ८५ अंशच होते' यासाठी पैसे घालवू नयेत.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ पाहा, पण चुकीच्या क्षणावर थांबू नका. पाच सेकंद मागे जा. स्टेज पाहताना मॅगझिन कुठे बदलायचं हे ठरलं होतं का? योजना मध्येच मोडली का, जादा गोळी मारावी लागली का? बहुतेक वेळा असंच दिसतं की नेमबाज पुढचं काय करायचं हे पळता पळता ठरवत होता, आणि हाताकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं नव्हतं. 'मी फार वेगात होतो' हे निदान म्हणून कुचकामी आहे. कोणत्या पावलावर, कोणता हात काय करत होता, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

मग तेवढाच तुकडा घरी ड्राय फायरमध्ये, म्हणजे काडतुसाशिवायच्या सरावात, घ्या. खोलीत एकही जिवंत काडतूस नको. जमिनीवर चिकटपट्टीने १८० ची रेषा आखा, मोबाइल तिच्या टोकाशी ठेवून रेकॉर्ड करा. टायमर बंद. चालत, मोजून वीस वेळा डावीकडे जात मॅगझिन बदला. वीसच्या वीस वेळा नळी रेषेच्या पुढे राहिली तरच वेग वाढवा. एक जरी चुकली तर पुन्हा चालत. पुढच्या स्पर्धेत पहिली स्टेज याच चालीने मारा आणि मॅगझिन बदलायची प्रत्येक जागा फिरून पाहतानाच, पावलांसकट, पक्की करा.