ट्रोलिंग मोटर खाडीत बंद पडते तेव्हा: होडीवर या चुका टाळा

गेल्या धुळवडीला रंग खेळून झाल्यावर दुपारी तीनच्या सुमारास काका आणि मी ऐरोलीच्या पुलाखालून होडी घेऊन निघालो. गळाला जिताडा लागेल अशी आशा होती. अर्ध्या तासात ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी ढकलणारी बॅटरीवरची छोटी मोटर, आधी मंदावली, मग खोकल्यासारखा आवाज करून बंद पडली. पाणी उतरत होतं, होडी वाशीच्या दिशेला निघाली. काकांनी शांतपणे बाकाखालची वल्ही काढली आणि म्हणाले, "तुजा पंखा झोपला रं. आता हात चालव."

पाऊण तास वल्हवून घरी आल्यावर मोटर उघडली. आत सगळं ठणठणीत. मग पॉझिटिव्ह वायरच्या लगवरची, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवरची, काळी टेप सोलली. टेपचा चिकट थर वितळून लगवर पसरला होता आणि त्याखाली हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. तांब्याच्या तारा एकेक करून तुटत गेल्या होत्या; शेवटी उरलेल्या थोड्याशा तारांमधून सगळा करंट जात होता. मी रबाळ्याला पॅनल बनवायच्या कामात आहे, दिवसभर दुसऱ्यांचे लग तपासून त्यावर मार्करने खूण करतो. ही लग मात्र मी स्वतः, घाईत, पक्कडीने दाबलेली होती.

तेव्हापासून दिवा कोळीवाड्यात आणि पलीकडे ठाण्याच्या बाजूला कुणाची मोटर बंद पडली की लोक मला बोलावतात. मी मोटरला हात लावायच्या आधी बॅटरीपासून मोटरपर्यंतची दहा फूट वायर बघतो. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

बॅटरी कुठली घेतलीत?

ट्रोलिंग मोटरची ताकद, म्हणजे होडी ढकलण्याचा जोर (थ्रस्ट), पौंडात सांगतात. 55 पौंडांपर्यंतच्या मोटरी 12 व्होल्टवर चालतात, 70-80 पौंडांच्या 24 वर, त्यावरच्या 36 वर. 55 पौंडांची मोटर पूर्ण वेगात साधारण 50 अँपिअर खाते. म्हणजे 600 वॅट, सलग.

हा आकडा डोक्यात ठेवला की पहिली चूक लगेच कळते: टेम्पोची नाहीतर ट्रकची बॅटरी होडीत ठेवणं. ती बॅटरी इंजिन सुरू करताना काही सेकंद भरपूर करंट देण्यासाठी असते. तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. रोज अर्ध्यापर्यंत उतरवलीत तर काही महिन्यांत ती मान टाकते. दुकानदाराने "बॅटरी ती बॅटरी" म्हटलं तर दुकान बदला.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी. ही खोलवर उतरवलेली सहन करते, त्यामुळे विचार अगदीच चुकीचा नाही. पण ती उंच आणि जड, 150 अँपिअर-तासांची पन्नास किलोच्या पुढे जाते, आणि होडी कलली की झाकणांतून आम्ल सांडतं. शिवाय तिच्यावर लिहिलेली क्षमता वीस तासांच्या हिशोबाने असते. 100 अँपिअर-तास म्हणजे 5 अँपिअरने वीस तास. तुम्ही 50 अँपिअरने ओढायला लागलात की तेवढा माल ती देतच नाही. आमच्याकडे सगळ्यात बरी चालली ती ई-रिक्षाची बॅटरी. रोज चालायचं, रोज उतरायचं, रोज चार्ज व्हायचं, हेच तिचं काम. ठाणे-कळव्यात सहज मिळते, आणि बसकी असल्याने होडीत नीट बसते.

शिशाची कुठलीही बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नका. तासभर विश्रांती दिल्यावर मल्टिमीटरवर 12.7 दिसलं तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून पूर्ण वेगात कागदावर एक तास मिळतो, प्रत्यक्षात त्याहून कमीच. अर्ध्या वेगात मात्र कहाणी बदलते, कारण होडीला दुप्पट वेग हवा असेल तर जवळपास आठपट ताकद लागते. म्हणून कट्ट्यावर "माझी बॅटरी चार तास चालते" म्हणणाऱ्याला आधी विचारा, नॉब कितीवर होता?

लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), घेतलीत तर वजन निम्म्याहून कमी होतं आणि ऐंशी-नव्वद टक्के क्षमता वापरता येते. तिची एक खोड माहीत असू द्या. शिशाची बॅटरी दमते तेव्हा होडी मंदावते, तुम्हाला इशारा मिळतो. लिथियम शेवटपर्यंत जोरात पळते आणि मग आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, एकदम दार लावून घेतो. त्या बीएमएसची मर्यादा 50 अँपिअरच असेल तर 55 पौंडांची मोटर त्याला पुन्हा पुन्हा ट्रिप करणार. 100 अँपिअरचा बीएमएस असलेली बॅटरी घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर ती चार्ज करू नका आणि जुन्या शिशाच्या बॅटरीशी समांतर तर मुळीच जोडू नका.

24 व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडताना दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच जातीच्या असाव्यात. एक जुनी आणि एक नवी जोडली की जुनी आधी रिकामी होते आणि नवीला सोबत घेऊन जाते. 12 व्होल्टची मोटर 24 वर "जरा जोर येतो का बघू" म्हणून लावणारा मी पाहिला आहे. जोर आला, पाच-सहा सेकंद.

वायर, लग, ब्रेकर

इथे जरा थांबायला हवं, कारण खाडीवरच्या बहुतेक तक्रारी इथून निघतात.

बॅटरी नाळेजवळ, मोटर मागे, मधे तीन मीटर अंतर. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. त्यासाठी बरेच जण गिझरला लावतात ती 4 स्क्वेअर एमएमची घरगुती वायर घेतात. 50 अँपिअरला एवढ्या लांबीत जवळपास 1.4 व्होल्ट वाटेतच गळतात. म्हणजे 12 मधले साडेदहा मोटरला मिळतात आणि उरलेले साधारण 70 वॅट वायर तापवण्यात जातात. तीच वायर 16 स्क्वेअरची घेतली तर गळती 0.35 व्होल्टवर येते. वायरचे पैसे वाचवून महागडी मोटर अर्धपोटी ठेवण्यात काय अर्थ आहे?

वेल्डिंगची केबल घेण्याकडेही कल असतो. ती लवचिक असते, करंट उत्तम वाहते. पण तिच्या बारीक तारांमधून खारं पाणी वातीत तेल चढावं तसं वर चढतं, आणि फूटभर आतपर्यंत तांबं काळं पडतं. कथिलाचा मुलामा दिलेली वायर मिळाली तर तीच घ्या. नाही मिळाली तर साधी तांब्याची चालेल, पण टोक बंदिस्त हवं: कथिल चढवलेली लग, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेली, आणि वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. काळी टेप नको. टेप पाणी अडवत नाही, धरून ठेवते. लग दाबून झाली की वायर जोरात ओढून बघा. हातात आली तर जमिनीवर आली, खाडीत नाही.

बॅटरीवर फुलपाखरी नट असेल तर तो काढून नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, बसवा. मोटरच्या थरथरीने फुलपाखरी नट हळूहळू सैल होतो, मग टर्मिनल तापतं आणि वितळतं.

ब्रेकरबद्दल एकच सांगतो, पण कळकळीने. घरातला एमसीबी होडीत लावू नका. तो एसीसाठी बनलेला असतो. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती तशीच पेटत राहते. 55 पौंडांच्या मोटरला डीसीचा 60 अँपिअरचा ब्रेकर किंवा फ्यूज लागतो, आणि तो पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात. मोटरच्या टोकाला लावलेला ब्रेकर मधली वायर घासून शॉर्ट झाली तर काहीच कामाचा नाही.

पाण्याचा हिशोब

थ्रस्टचा ठोकताळा असा, की होडी, माणसं, बॅटरी, जाळी सगळं धरून दर 45 किलोंना किमान 2 पौंड. सहाशे किलोंची होडी असेल तर 27 पौंड पुरतात. हा ठोकताळा तळ्याचा आहे. ठाण्याच्या खाडीत मी त्याची दुप्पट धरतो.

समजा तुमची होडी ताशी पाच किलोमीटरने चालते आणि ओहोटीचं पाणी ताशी तीनने ओढतंय. पाण्यासोबत खाली जाताना आठने गेलात, छान वाटलं. परतताना पाचातून तीन वजा, उरले दोन. तीन किलोमीटर परत यायला दीड तास, तोही पूर्ण वेगात, आणि बॅटरी तर तासाभराचीच होती. पुलाच्या खांबांमधून पाणी आणखी जोरात निघतं, तिथे होडी जागच्या जागी उभी राहते.

म्हणून आधी पाण्याविरुद्ध जा आणि परतीला पाणी सोबत घ्या. वेळ काढायला ॲप आहेत, पण काकांचा हिशोब अजून चुकलेला नाही: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती. खाडीत वर चढायला पाण्याला आणखी थोडा वेळ लागतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ जबर. अष्टमीच्या मागेपुढे भांगाचं पाणी, मोटरवाल्याचे दिवस. धुळवड म्हणजे पौर्णिमेचा दुसरा दिवस. तीन वाजता ओहोटी ऐन जोरात असणार हे पंचांगातच लिहिलेलं होतं, मी बघितलं नाही.

ओहोटीत गाळ उघडा पडतो. प्रोपेलर गाळात फिरवलात की आधी शिअर पिन तुटते. ती तुटण्यासाठीच आहे, आतला शाफ्ट वाचावा म्हणून. तिच्या जागी खिळा ठोकणाऱ्यांनी नंतर शाफ्टचा खर्च विचारू नये. दुसऱ्या बाजूने, प्रोपेलर फार वर ठेवलात तर तो हवा ओढतो, नुसता घरघरतो. पात्यांची वरची टोकं पाण्याखाली फूटभर हवीत. आणि मोटरला आवाज नाही म्हणून फ्लेमिंगोंच्या थव्यात घुसू नका. वाशी आणि ऐरोली पुलांमधला पश्चिमेचा पट्टा 2015 पासून अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

पंख्याला काय गुंडाळलंय?

मोटर फिरते पण थरथरते, जोर नाही. आधी ब्रेकर बंद करा, वायर काढा, मगच प्रोपेलरला हात. आमच्या खाडीत उत्तर बहुतेकदा एकच असतं, पुलावरून फेकलेली निर्माल्याची पिशवी. एकदा मी अख्खा हार सोडवला, मागे गजऱ्याचा दोरा होताच. पिशवी दिसते तरी. खरा चोर म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. ती प्रोपेलरच्या मागे शाफ्टवर जाऊन बसते, तापते आणि सील कापते. मग पाणी आत, आणि मोटर गेली. दर दोन-तीन फेऱ्यांनी नट सोडून प्रोपेलर काढा आणि मागे बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

बाकीच्या तक्रारी झटपट सांगतो. पाच गिअरची मोटर फक्त पाचव्यावर चालत असेल तर स्पीड कॉइल जळली आहे. पाचव्यावर करंट कॉइल वगळून थेट जातो. अशा मोटरीत खालच्या गिअरला थोडी वीज कॉइल तापवण्यातच जाते, नॉब सलग फिरणाऱ्या पीडब्ल्यूएमवाल्या (करंट झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणाऱ्या) मोटरीत वाचते. मोटर मंद असेल तर ती चालू असतानाच मल्टिमीटर आधी बॅटरीच्या खांबांवर लावा, मग मोटरच्या टोकाला. बॅटरीवर 11.9 आणि मोटरला 10.4 दिसलं तर दीड व्होल्ट वाटेत आहे, वायर-लग शोधा. दोन्हीकडे 10.4 असेल तर बॅटरीच दमलेली. दोन्हीकडे 11.9 असूनही जोर नाही, प्रोपेलर मोकळा आहे, आतून खरखर येते, तर ब्रश झिजलेत किंवा पाणी शिरलंय. तेव्हाच मोटर उघडायची.

खारं पाणी हा तर रोजचाच खर्च. गोड्या पाण्यासाठी बनलेली मोटर खाडीत चालते, पण वर्ष-दीड वर्षात रंग फुगतो आणि ॲल्युमिनियम खवले धरतं. खाऱ्या पाण्याची घेतलीत तरी प्रत्येक फेरीनंतर नळाच्या पाण्याने धुवा, काम संपलं की मोटर पाण्याबाहेर उचला आणि जस्ताचा ॲनोड, म्हणजे मोटरऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, निम्मा झिजला की बदला. तो रंगवू नका. रंगवलेला ॲनोड म्हणजे नुसता शोभेचा गोळा.

पावसाळ्यात

जूनमध्ये होडी वर काढली की बॅटरी कोपऱ्यात जाते आणि नारळी पौर्णिमेलाच आठवते. तोपर्यंत ती स्वतःहून उतरलेली असते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलेलं असतं, आणि मग "कंपनीने फसवलं" असं ऐकू येतं. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा, क्षमतेच्या दहाव्या हिश्शाच्या करंटने: 100 ला 10 अँपिअर. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर घाला, आधी घातलंत तर चार्जिंगला फुगून बाहेर येतं. लिथियम मात्र निम्मी भरून ठेवलेली बरी.

पहिल्या वर्षी मी आमची बॅटरी घरात एकच कोरडा कोपरा होता तिथे ठेवली, देवघराच्या बाजूला. चार्जर लावला, बॅटरी बुडबुडायला लागली. पाणी घालायच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो हे मला कारखान्यात पाठ असतं, घरी नाही. तेवढ्यात काकू संध्याकाळची अगरबत्ती पेटवायला काडेपेटी घेऊन आली. मी ओरडलो, ती दचकली, काडेपेटी पडली. तिला मी हायड्रोजन समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देव हलनार नाय. तुजी बॅटरी हलव." आता चार्जिंग ओटीवर होतं, आणि अगरबत्ती विझेपर्यंत चार्जरचं बटण दाबायचं नाही असा तिचा नियम आहे.