खिशातला चाकू निवडताय? लोकांना दचकवणाऱ्या या चुका टाळा

खिशात छोटा चाकू असावा या मताचा मी आहे. पार्सलची टेप, नव्या शर्टाचा टॅग, शिवणीतून लोंबणारा दोरा, न फाटणारं पाकीट, सफरचंद. दिवसातून किती वेळा धार लागते ते चाकू जवळ असला की कळतं. पण नवी मंडळी चाकू निवडतात आरशासमोर उभं राहून. हातात कसा दिसतो, किती झटकन उघडतो, आवाज कसा भारी येतो. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला तो कसा दिसेल, हे कोणी विचारत नाही. चार लोकांत वापरायच्या चाकूला पास-नापास करणारा तोच तर असतो. मग घोळ होतात, आणि दरवेळी तेच होतात. वैतागून लिहितोय, तेव्हा सूर थोडा चढला तर चालवून घ्या.

काळा, टोकदार आणि खट्कन उघडणारा

ही चुकांची महाराणी. काळं पातं, भाल्यासारखं टोक, खोबणी पाडलेली काळी मूठ आणि बोटाच्या एका झटक्यात उघडण्याची सोय. नव्या माणसाला पहिला चाकू हाच हवा असतो, कारण व्हिडिओत हाच छान दिसतो.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा किस्सा सांगतो. माणूस इतका साधा की झुरळ दिसलं तरी बाजूला होणारा. त्याने असाच एक चाकू घेतला आणि काहीतरी कापायची संधी शोधत हिंडू लागला. एकदा ऑफिसच्या रिसेप्शनवर मोठा खोका आला. टेप निघेना. हा म्हणाला, "थांबा, मी आहे ना," आणि खिशातून हात काढता काढताच खट्! सोफ्यावर एक बाई लहान मुलाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पोराला एका हाताने ओढून पाठीमागे घेतलं. सिक्युरिटीवाला खुर्चीतून अर्धा उठला. आपलं काहीतरी चुकलं हे आमच्या साहेबांच्या लक्षात आलं आणि ते समजावू लागले, "अहो, खोका उघडतोय फक्त!" पण बोलताना हातवारे करायची सवय, आणि हात तोच, चाकूवाला. दोन पावलं पुढे जाऊन त्याने बाईंना खोका दाखवला, म्हणजे पात्यानेच दाखवला. पुढचं मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मेल आली: ऑफिसात कोणतंही पातं आणायचं नाही. माझा बोटाएवढा, कात्रीवाला चाकूही त्यातच गेला. त्यानंतर त्या ऑफिसात खोके किल्लीने आणि दाताने उघडले जात होते.

यात नेमकं काय बिघडलं? पहिला आवाज. खट् झालं की माना वळतात. मग वेग. मान वळेपर्यंत पातं बाहेर आलेलं असतं, त्यामुळे बघणाऱ्याला 'चाकू उघडला' असं दिसतच नाही, 'चाकू उगारला' असं दिसतं. शेवटी आकार आणि रंग, आणि तोवर मनाने निकाल देऊन टाकलेला असतो. दोन हातांनी, नखाने खाचेत धरून उघडायच्या चाकूला दोनेक सेकंद लागतात. तेवढ्यात समोरच्याला खोका दिसतो, टेप दिसते आणि तो परत आपल्या फोनकडे वळतो. त्या दोन सेकंदांची घाई ज्याला असते त्याने कात्री वापरावी.

कायद्यांचा डोळाही याच गोष्टींवर असतो. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा (म्हणजे उघडलेलं पातं सोडवल्याशिवाय मिटत नाही असा) चाकू योग्य कारणाशिवाय घेऊन फिरायला 2008 पासून मनाई आहे. ब्रिटनमध्ये घडीचा, लॉक न होणारा आणि 3 इंचांपर्यंत धार असलेला चाकू विनाकारण जवळ बाळगला तरी चालतो. त्याला लॉक असलं की ही सवलत संपली, मग सबळ कारण दाखवावं लागतं. जपानमध्ये मर्यादा आणखी खाली, 6 सेंमीच्या आसपास, आणि त्याहून छोटा चाकूही कारणाशिवाय लपवून बाळगला तर किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात अडकू शकता. तुम्ही राहता आणि जाता तिथला नियम स्वतः वाचा. चाकू विकणाऱ्याला विचारू नका, तो विकायला बसलाय.

इथे एक गंमत सांगतो, कारण यात जाणते लोकही फसतात. ओपिनेल हा फ्रेंच चाकू 1890 पासूनचा. लाकडी मूठ, दिसायला इतका गरीब की आजीच्या पिशवीत शोभावा. कोणी घाबरत नाही. पण 1955 पासून त्याच्या मोठ्या मापांना फिरवायचं धातूचं कडं आलं, आणि ते कडं म्हणजे लॉक. ब्रिटनच्या कायद्यापुढे तो लॉकवाला चाकू झाला. 5 नंबरपर्यंतच्या छोट्या मापांना कडं नसतं. गरीब दिसणं वेगळं आणि नियमात बसणं वेगळं. दोन्ही तपासावं लागतं.

उलट्या बाजूचं उदाहरण लाल मुठीचा स्विस चाकू. त्याचा जन्म 1890 च्या दशकात सैन्यासाठी झाला, तरी आज तो काढला तर लोक दचकण्याऐवजी विचारतात, "त्यात चिमटा पण आहे का हो?" कारण पात्याशेजारी कात्री असते, ओपनर असतो, टूथपिक असते. हे कामाचं सामान आहे हे सांगावं लागत नाही. माझी शिफारस विचाराल तर रंगीत किंवा लाकडी मूठ, चमकतं साधं पातं, नखाची खाच, आणि शक्य असेल तर सोबत कात्री. झाली खरेदी. बाकीचे दोनशे व्हिडिओ नाही बघितले तरी चालेल.

मोठा घेऊन ठेवू, लागेल कधीतरी

नाही लागत. टेप, दोरा आणि फळ यांना 5-6 सेंमी पातं भरपूर होतं. मिटल्यावर 58 मिमी भरणारे, किल्ल्यांना लावायचे छोटे चाकू येतात. त्यांचं पातं चार सेंमीच्या आतलं असतं आणि लोकांतली बहुतेक कामं तेवढ्यात उरकतात. ज्यांना "कॅम्पिंगला गेलो तर?" असा प्रश्न पडतो त्यांनी कॅम्पिंगला जाताना वेगळा न्यावा. जात कोणीच नाही, ही गोष्ट वेगळी.

टोकाचा सोस

लोकांना टोक हवं असतं. कशाला, ते सांगता येत नाही. धार अगदी सरळ आणि पाठ पुढे जाऊन धारेकडे वाकलेली, अशी बिनटोकाची पाती मिळतात. इंग्रजीत त्या आकाराला शीपफूट म्हणतात. हलत्या बोटीवर कोणाला भोसकलं जाऊ नये म्हणून खलाशी असली पाती पसंत करत आले आहेत. टेपवर अशा पात्याचा पुढचा कोपरा टेकवून ओढलं की काम होतं आणि आतल्या मालाला ओरखडा जात नाही. दिसायलाही ते निरुपद्रवी. मी तर बिनटोकाच्या पात्यावर कायमचा स्थिरावलोय.

लॉक नसलेल्या चाकूला लॉक असल्यासारखं वापरणं

वरचं सगळं ऐकून कोणी साधा, स्प्रिंगवर टिकणारा चाकू घेतो आणि तिसऱ्या दिवशी बोट कापून घेतो. मग म्हणतो, "बघ, तुझं ऐकलं."

आधी तो चालतो कसा ते समजून घ्या. मुठीच्या पाठीला पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग. पातं उघडं राहतं ते फक्त तिच्या दाबावर. कापताना जोर धारेकडून पाठीकडे जातो, म्हणजे पातं आणखी उघडायच्या दिशेला. तेव्हा धोका नाही. पण टोक कशात खुपसलंत, अडकलेलं पातं हिसकलंत किंवा पाठीवर ठोकलंत, तर जोर मिटायच्या दिशेला जाऊ शकतो, आणि पात्याच्या वाटेत तुमची बोटं असतात.

माझ्या भाच्याला पट्ट्याला एक जादा भोक हवं होतं. लग्नाला निघायचं, पँट सैल, गाडी खाली हॉर्न वाजवतेय. त्याने पट्टा मांडीवर घेतला (मांडीवर!), चाकूचं टोक चामड्यावर उभं धरलं आणि दाबत पिळायला लागला. "मामा, होतंय बघ," असं म्हणेपर्यंत टोक रुतलं, मूठ पुढे कलंडली आणि पातं तर्जनीवर मिटलं. मधल्या पेरावर, सांध्याच्या जरा वर. रक्त बघून तो पांढरा पडला आणि त्याला बघून त्याची आई. स्वच्छ रुमाल घट्ट दाबून, हात छातीच्या वर धरायला लावून दवाखाना गाठला. टाके पडले. फोटोत तो सगळीकडे एक हात पाठीमागे घेऊन उभा आहे. आणि बरं वाटल्यावर पहिलं वाक्य काय? "आता लॉकवालाच घेतो." अरे, लॉकवाल्याने भोक पाडलं असतंस तर बोट वाचलं असतं आणि मांडी गेली असती.

भोक पाडायला टोच्या असतो, बऱ्याच स्विस चाकूंच्या पाठीला येतोही. पण तोही लॉक होत नाही, म्हणून पट्टा लाकडी फळीवर सपाट ठेवायचा आणि हलक्या दाबाने थोडं थोडं फिरवत जायचं. गाडी वाजवू दे हॉर्न. पात्याने उचकटणं, स्क्रू फिरवणं, डब्याची झाकणं उघडणं, हे सगळं याच पंगतीतलं. माझा नियम सोपा आहे: पात्याने फक्त कापायचं, तेही ओढून, ढकलून नाही. बिनटोकाचं पातं असलं की खुपसायचा मोहच होत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

घेताना एवढं बघा. अर्धा उघडून सोडला तर लोंबकळतो का? मिटताना शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग पात्याला आपणहून आत ओढते का? पूर्ण उघडून डावीकडे-उजवीकडे हलवलं तर पातं डुलतं का? आणि मिटलेला चाकू हलवून पाहा, पातं किंचितही बाहेर यायला नको. खिशातल्या खिशात उघडणारा चाकू नियमात बसत असला तरी मला फुकटही नको.

न विचारता बाहेर काढणं

चाकू खिशातच असताना आधी बोलायचं: "माझ्याकडे छोटा चाकू आहे, कापून देऊ?" समोरचा हो म्हणाला की मग काढायचा, कामाच्या वस्तूजवळ नेऊन उघडायचा, कापायचं, तिथेच मिटायचा. उघडा चाकू हातात घेऊन चालायचं नाही, बोलायचं तर त्याहून नाही. कोणी मागितलाच तर मी मिटून देतो. समोरच्याला उघडता येत नसेल, तर त्याने कापूही नये. बहुतेक वेळा मी देतच नाही, वस्तू इकडे आणा म्हणतो.

रिकामपणी उघड-मीट करत बसणाऱ्यांसाठी एकच वाक्य: पेन घ्या.

"सेफ्टीसाठी" घेतलाय

मग हा लेख तुमच्यासाठी नाही. स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून चाकू बाळगलात की तुमच्या लेखीच ते हत्यार झालं, आणि अनेक कायद्यांच्या लेखीही. ब्रिटनमध्ये तर वस्तू कोणतीही असो, इजा करायच्या इराद्याने बाळगली की ती हत्यारात मोडते. पोलिसाने विचारलं आणि तुम्ही छाती काढून "सेल्फ डिफेन्स" म्हणालात, तर 4 सेंमीचं पातंही तुम्हाला वाचवणार नाही. शिवाय झटापटीत स्प्रिंगवाला चाकू कोणाची बोटं कापेल, ते भाच्याला विचारा.

आणखी काही, थोडक्यात

क्लिप लावून खिशाबाहेर मिरवू नका. काढून टाका, बहुतेकांना स्क्रूच असतात.

बोथट चाकू जास्त जोर मागतो आणि जोर लावताना माणूस भयानक दिसतो. कागदाची कड सरळ कापली जात नसेल तर दगडावर घासा, दोन्ही बाजूंनी 15 ते 20 अंशांत. खेचून धार लावायची झटपट यंत्रं पातं खातात. ज्यांना दहा मिनिटं बसवत नाही त्यांच्यासाठी ती बनवलीत.

सांध्यात खिशातला कापूस साचतो. कोमट पाण्यात उघड-मीट करा, पूर्ण वाळवा, तेलाचा एक थेंब. एवढंच.

शाळा, कोर्ट, स्टेडियम, मिरवणूक असेल तर चाकू घरी. कितीही गोजिरवाणा असला तरी. जर्मनीने 2024 मध्ये जत्रा-उत्सवांतल्या चाकूबंदीचे नियम आणखी आवळले. त्याच वर्षी लाल स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीने पातं नसलेली खिशातली अवजारपेटी बनवतोय असं सांगितलं. लोक हसले, मला पटलं. ज्यांचं काम कात्रीवर भागतं, आणि निम्म्यांचं भागतंच, त्यांनी तसलंच काही घ्यावं.

आणि विमान. हातातल्या बॅगेत चाकू नको म्हणजे नको. युरोपच्या नियमात 6 सेंमीपेक्षा मोठ्या पात्याला बंदी आहे. अमेरिकेने 2013 च्या मार्चमध्ये साधारण तेवढ्याच पात्याला सूट जाहीर केली आणि विमान कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर जूनमध्ये मागे घेतली. देश आणि विमानतळ बदलला की अर्थ बदलतो, त्यामुळे चाकू चेक-इनच्या सामानातच. खिशातला आठवणीने निघतो, राहतो तो किल्ल्यांच्या जुडग्यातला. म्हणून जुडग्याला लावलाच तर पटकन निघणाऱ्या कडीने लावा, आणि बॅग भरतानाच तो सुटा करून मोठ्या बॅगेत टाका.